हक्क सोड, असं कोण म्हणालं?

अर्ल म्हणजे काय हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही जर्मनीत, भेंडी पुसता पुसता. भेंडी म्हणजे तरी काय, सूनबाईंनी फ्रँकफर्टच्या स्टेशनाजवळच्या दुकानातून आणलेली, मूठभर आणि निबर. आपल्याकडे भाजीवालीला चार शब्द ऐकवून परत केली असती. तिथं मात्र मी एकेक भेंडी अशी पुसत होते, जशी काही चांदीची भांडीच.

मुलगा बाड हॉम्बुर्गला राहतो. इंजिनिअर आहे, यंत्रांचा. सूनबाई फ्रँकफर्टला बँकेत कॉम्प्युटरचं काम करतात. दोघं सकाळी आठला बाहेर पडतात ते सहाला उगवतात. मधल्या वेळात घरात मी आणि दुपारी दोननंतर माझी नात, तेव्हा चौदा वर्षांची. माझी ती तिसरी खेप, तीन महिन्यांचा व्हिसा. माझं शिक्षण सातवी. पुढचं जे काही आलं ते रद्दीतल्या पुस्तकांमधून आलं, त्यामुळे माझं लिहिणंही बोलण्यासारखंच आहे. ज्यांना खटकेल त्यांनी पान उलटावं. मी मात्र हे लिहिणार, कारण तोंडानं सांगायला गेले की दर वेळी मी त्यात माझ्या बाजूचं थोडं घालते. कागदावर घातलं की निदान मला स्वतःला दिसतं तरी.

तर नातीला शाळेत रेफेराट द्यायचं होतं. म्हणजे वर्गापुढं उभं राहून एका विषयावर दहा मिनिटं बोलायचं. तिच्या शाळेत इतिहास इंग्रजीतून शिकवतात. जर्मनीतली पोरं इंग्लंडचा इतिहास इंग्रजीतून शिकतात आणि घरी येऊन मराठी आजीला समजावून सांगतात, असा सगळा प्रकार. आरशापुढं बोलून बघ म्हटलं तर म्हणाली, "आरसा बोलत नाही. तू बोलते."

तिचं मराठी स्वयंपाकघरातलं. ये, बस, खा, दे, सोड, नको. म्हणजे तिच्या लहानपणापासून मी जे जे हुकूम सोडले तेवढंच. पाण्याचा नळ सोड, हात सोड, मांजराची शेपटी सोड. बाकी सगळं जर्मन, इंग्रजी आणि हातवारे, ते इथं मीच मराठीत लावून लिहिलंय.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', असं म्हणून ती फ्रिजला टेकून उभी राहिली. "एक अर्ल होता."

"अर्ल म्हणजे?"

"मोठा माणूस. राजाच्या खाली. त्याला खूप जमीन. किल्ले पण."

"म्हणजे सरदार."

"गेनाऊ, बरोबर. सरदार." तिनं तो शब्द चिठ्ठीवर जर्मन अक्षरात लिहून घेतला. "सरदार मेला. तर त्याला मुलगे असले की सगळं मोठ्याला. बाकीच्यांना काही नाही. सैन्यात जा, नाही तर चर्चमध्ये जा."

"आणि मुली?"

"मुलगा असला तर मुलींना नाही. पण मुलगा नसला, नुसत्या मुली असल्या, तर सगळ्यांना सेम. दोन असल्या तर अर्धं अर्धं. तीन असल्या तर तीन भाग."

माझ्या हातातली सुरी थांबली नाही, पण कान थांबले. सहा-सातशे वर्षांपूर्वी, घोड्यावर हिंडणाऱ्या त्या गोऱ्या लोकांनी मुलींना सारखे वाटे ठेवले होते! मी म्हटलं, "शहाणे होते म्हणायचे."

"नाइन, तसं नाही, ऐक ना." तिला आता रंग चढला होता. तिच्या बाईंनी वर्गाला एका घराण्याचे कागद दिले होते, झेरॉक्स केलेले. घराण्याचं नाव मला काही नीट उच्चारता आलं नाही, आणि आता आठवतही नाही. त्या सरदाराला दोन मुली. थोरलीचं लग्न मोठ्या घरात झालेलं, धाकटी लहान. बाप गेला. कायद्यानं निम्मी जमीन धाकटीची. आणि मग एक कागद, त्यात धाकटी म्हणते की मी माझ्यासाठी आणि माझ्या वारसांसाठी हा हक्क कायमचा सोडते, बहिणीला देते.

"आणि बदल्यात काय मिळालं तिला, बघ." नातीनं कागद माझ्या तोंडापुढं धरला. इंग्रजी मला बोटानं लावून लावून वाचता येतं, पण ते जुनं इंग्रजी होतं. तिनंच सांगितलं, "आइन फोगेल! एक पक्षी! श्पेर्बर!" चित्रही होतं. ससाणा. सरदार लोक शिकारीला मनगटावर घेऊन जायचे तो. "दोन किल्ले, जंगल, आणि नदीवरच्या गिरण्या. त्याच्या बदल्यात एक पक्षी. आमची टीचर म्हणते, तो फक्त कागदासाठी असतो. काहीतरी द्यायला लागतं म्हणून पक्षी लिहायचा."

"साडीचोळी," मी म्हणाले.

खरं सांगते, मी म्हणणार नव्हते. ते आतून आलं, ठसका येतो तसं.

"वास?" म्हणजे काय, असं तिनं विचारलं.

मी सांगितलं की आपल्याकडे पण बहिणी असा कागद करून देतात, भावाला वगैरे. मग भाऊ तिला साडी देतो, खण देतो, नारळ देतो, जेवायला घालतो. ती डोळे मोठे करून ऐकत होती. तिला हे रेफेराटमध्ये घालायचं होतं. "त्या कागदाला मराठीत काय म्हणतात?"

"हक्कसोड."

तिनं चिठ्ठीवर दोन शब्द करून लिहिलं. हक्क, मग जागा, मग सोड. आणि कपाळाला आठी घातली. "हक्क सोड? हात सोड, तसं?"

"तसंच काहीतरी."

"पण मग ती नाही ना बोलत हे. 'सोड' दुसरा बोलतो. हक्क सोड! असं कोण म्हणालं तिला?"

तिची चूक होती. हक्कसोड हा नुसता कागदाचा प्रकार, त्यात कुणी कुणाला हुकूम करत नाही, व्याकरणात तरी नाही. हे समजावून सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. पण मी ते एक मिनिट घेतलं नाही. मी भेंडीचं ताट बाजूला सारलं आणि तिला म्हणाले, "मी."

आता ते सांगायलाच हवं.

आमच्या नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी होती. रस्त्याला लागून जागा, पुढं गिरणी, मागं आम्ही. भाऊ नाही. आम्ही दोघी बहिणी, मी थोरली आणि ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ती चार वर्षांची असताना आई गेली. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या कानातलं पाणी मी काढलं, तिला पाटीवर ग म भ न मी शिकवलं. माझं लग्न गावातच झालं, म्हणून लग्नानंतरही दोन्ही घरं मीच बघत होते. तिचं लग्न झालं ते लांब, सोलापूरकडं.

नाना गेले तेव्हा तिला सातवा महिना होता. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि आमच्या ह्यांनी एके दिवशी जेवताना विषय काढला. गिरणी तोवर ह्यांनीच चालवायला घेतली होती. हे म्हणाले, "दोघींची नावं लागली की उद्या तिचा नवरा येऊन बसेल गिरणीत." मी ह्यांच्या ताटात भात वाढला. हे पुढं म्हणाले, "तू सांगितलंस तर ती ऐकेल."

आता ह्यांच्यावर ढकलणं अगदी सोपं आहे. हे जाऊन आठ वर्षं झाली, उत्तर द्यायला येणार नाहीत. पण सुचवलं ह्यांनी, केलं मी. तिला टांग्यात घालून कचेरीत मी नेलं. वाटेत तिला उसाचा रस मी पाजला. "कशाचा कागद गं ताई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "वारस नोंदीचा. नाना गेल्याचं सरकारला कळवायला लागतं."

कचेरीत कारकुनानं कागद पुढं केला. तीन पानं होती, टाइप केलेली. ती बाकावर टेकली, पोटावर हात ठेवून, आणि पहिल्या पानावर बोट ठेवून वाचायला लागली. हळू वाचायची ती, ओठ हलवत. तसं वाचायला मीच शिकवलं होतं. चौथ्या की पाचव्या ओळीवर असेल. मी म्हणाले, "वाचत काय बसतेस, साहेब जेवायला जातील."

तिनं बोट उचललं आणि सही केली.

एवढंच. मारलं नाही, धमकावलं नाही. कागदात पुढं लिहिलेलं होतं की मी हे स्वखुशीनं आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे. ती ओळ मी नंतर इतक्या वेळा वाचली आहे की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

घरी आल्यावर मी तिची ओटी भरली. हिरवी इरकल घेतली होती तिच्यासाठी, खणाची चोळी, तांदूळ, नारळ. शेजारणी म्हणाल्या, आई नसली तर काय झालं, बहीण आहे ना आईच्या जागी. आणि ती पोट सांभाळत वाकली आणि माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला. कुठल्या तोंडानं दिला असेल? पण दिला. चांगला लांबलचक दिला.

पुढं रस्ता रुंद झाला, गिरणी बंद पडली, बिल्डर आला. त्या जागेवर चार मजली इमारत झाली आणि आम्हाला दोन ब्लॉक मिळाले. एक ब्लॉक विकला तेव्हा मुलगा म्युनिकला शिकायला गेला. दुसऱ्यात मी राहते, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पहिला मजला. बहिणीचा नवरा गेला. ती तेव्हा मुलाकडं राहायची, दोन खोल्यांत सहा माणसं. तिचं अंथरूण स्वयंपाकघरात, ओट्याखाली. सगळ्यांची जेवणं झाली, भांडी झाली, की मग तिची झोप. दिवाळीनंतर चार दिवस माझ्याकडं यायची आणि खिडकीत बसून म्हणायची, "तुझ्याकडं उजेड छान येतो गं ताई." मी तिला साडी द्यायची. दर वर्षी एक साडी. कधी चुकवली नाही.

हे सगळं मी नातीला सांगितलं. एवढं विस्तारानं नाही, तिला कळेल तेवढं. इरकल सांगताना अडले, टांगा सांगताना अडले. पण "साहेब जेवायला जातील" हे तिला लगेच कळलं.

"गेमाइन," ती म्हणाली. म्हणजे दुष्टपणा. हा शब्द मला येतो, कारण आईबापाला ती दिवसातून चार वेळा म्हणते. मला ती पहिल्यांदा म्हणाली.

मग म्हणाली, "परत दे."

"असं परत देता येत नाही गं इतक्या वर्षांनी."

"का? घर आहे ना अजून?"

"आहे."

"मग?"

मी उठून कढई गॅसवर ठेवली. निम्मी भेंडी अजून चिरायची होती.

पुढचे चार दिवस ती मला काही बोलली नाही. म्हणजे बोलत होती, पण त्यावर नाही. आणि मी मात्र घरात एकटी हिंडत होते. मुलाच्या घरात एक कपाट नुसतं कागदांचं आहे. ओर्डनर म्हणतात त्या जाड फायली, पाठीवर नाव लिहिलेल्या, ओळीनं उभ्या. भाड्याची, विम्याची, शाळेची, डॉक्टरची. तिकडं कागदाला फार मान. चिठोरंसुद्धा भोकं पाडून फायलीत लावतात. त्या फायलींवरून फडकं फिरवताना मला वाटायचं, हे कपाट, ही खिडकी, हा मुलगा, त्या सगळ्याखाली तीन टाइप केलेली पानं आहेत.

पाचव्या दिवशी, दुपारी दोनला, मी फोन लावला. आपल्याकडं साडेसहा वाजले असणार. मुलानं स्वस्तात फोन लागण्याचे आकडे फोनच्या बाजूला चिकटवून ठेवले होते, ते आधी फिरवायचे आणि मग आपला नंबर. माझे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा लागला, आणि उचलला तिनंच.

"ताई? बरी आहेस ना? आज मधेच?"

"बरी आहे. अगं, एक सांगायचंय. नानांच्या गिरणीचा कागद आठवतो? तू सही केलीस तो?"

तिकडं कुकरची शिट्टी झाली.

"तो वारस नोंदीचा नव्हता," मी म्हणाले.

"हक्कसोड होता," ती म्हणाली. अगदी भाजीचा भाव सांगावा तशी.

"तुला ठाऊक होतं?"

"तेव्हा नव्हतं. थोरल्याच्या बारशाला ह्यांनी उतारा काढून आणला होता गावाहून. त्यात तुझंच नाव. हे म्हणाले, कोर्टात जाऊ. मी म्हटलं, मला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही, ताईचा आठवतो. तिला कोर्टात उभी करू? तर ह्यांनी दोन वर्षं मला ऐकवलं, उठता बसता. तुझ्या ताईनं गिरणी दळून खाल्ली, म्हणायचे. सासूबाई तर भाकरीचं पीठ मळताना रोज म्हणायच्या."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी बोलतेस ते बघत होते."

मी रडायला लागले. फोनवर रडणं वाईट, समोरच्याला नुसतं नाक ओढलेलं ऐकू येतं. मी म्हटलं, मला माफ कर, माझं चुकलं, तू सांगशील ते करते, काय करू सांग. आणि आता जे सांगते ते लिहायला मला त्या कागदापेक्षाही जड जातंय. मी वाट बघत होते की ती म्हणेल, राहू दे गं ताई, झालं गेलं. मी त्यासाठीच फोन केला होता. माफी मागायची, तिनं नको नको म्हणायचं, दोघींनी रडायचं आणि मी हलकी होऊन संध्याकाळचा स्वयंपाक करायचा.

ती म्हणाली, "अर्धा ब्लॉक दे."

"काय?"

"तो तुझा राहता ब्लॉक. अर्धा. नुसता राहायला नको, राहायला तू कधीही ये म्हणतेसच. नावावर दे."

आणि माझ्या तोंडून काय निघालं? "बघते हं. मुलाला विचारते."

"तेव्हा कुणाला विचारलं होतंस?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ठेवते गं. कुकर उतरवायचाय."

मी फोन हातात धरून बसले. आणि मला तिचा राग आला. हो, तिचा! एवढं मी कबूल केलं, परदेशातून फोन केला, रडले, आणि हिनं सरळ अर्धं घर मागितलं. पाचेक मिनिटं मी तशी रागात होते. मग नात शाळेतून आली, दप्तर टाकलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "काय म्हणाली?"

"दे म्हणाली."

"गुट," म्हणजे छान, एवढं म्हणून ती सफरचंद घेऊन खोलीत गेली.

त्या शनिवारी दुपारी सगळे घरी होते, तेव्हा मी टेबलावर सांगितलं. मुलगा भात कालवता कालवता थांबला. मग म्हणाला, "म्हणजे मी म्युनिकला शिकलो ते मावशीच्या..."

"अर्धं तिच्या, अर्धं माझ्या," मी म्हणाले. "पण तिला कुणी विचारलं नाही."

"मला कशाला सांगितलंस आई आता?" तो चिडला. चिडला म्हणजे ओरडला नाही, तिकडं राहून तो ओरडायचं विसरलाय. चमचा ताटाला समांतर ठेवला, एवढंच.

सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही हे एवढी वर्षं एकट्या घेऊन बसलात?" मला वाटलं, बाई, मी घेऊन बसले होते ते घर. ओझं तीच वाहत होती.

मग मुलानं तोडगा काढला. इंजिनिअर आहे, बिघाड दिसला की दुरुस्ती सुचते त्याला. "असं करू. मावशीला मी दर महिन्याला काहीतरी पाठवत जाईन. तिची सोय होईल. ब्लॉकची कागदपत्रं, नावं, हे सगळं कशाला? इथून ते किती किचकट होईल. आणि तू कुठं राहशील उद्या?"

कबूल करते, मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. मी मान हलवायच्या बेतात होते.

"पापा," नात म्हणाली, "तो पण फोगेलच आहे."

"काय आहे?"

तिनं जर्मनमध्ये सांगितलं, भराभर, हात हलवत. सरदार, दोन बहिणी, ससाणा, साडी. मला शब्द कळत नव्हते, पण मधेच "हक्क सोड" ऐकू आलं तेव्हा मुलानं माझ्याकडं बघितलं. मग ताटाकडं. मग उठला आणि कपाटातून एक नवी, कोरी फाइल काढली आणि तिच्या पाठीवर मावशी असं लिहिलं. देवनागरीत. त्याचं अक्षर मी कितीतरी वर्षांनी बघितलं, "श"ची गाठ अजून उलटीच काढतो.

पुढचं काम कागदांचं. गावातल्या वकिलांना फोन केले. ते म्हणाले, सोपं आहे, बक्षीसपत्र करा. थोरल्या बहिणीनं धाकटीला अर्धा ब्लॉक प्रेमापोटी बक्षीस दिला, असं लिहायचं. तुम्ही तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठवा, इथलं मी बघतो.

मी बहिणीला कळवलं. मला वाटलं, खूश होईल.

"बक्षीस?" ती म्हणाली. "कसलं बक्षीस? मी शर्यत जिंकले का?"

"अगं, कागदाला तसं नाव असतं."

"मला तुझं बक्षीस नको. माझं आहे ते दे."

"वकील म्हणतात, परत देण्याचा असा कागद नसतो."

"घेण्याचा असतो आणि परत देण्याचा नसतो? कुणी केले गं हे कागद?"

मी वकिलांना पुन्हा फोन केला. ते हसले. म्हणाले, बाई, चाळीस वर्षं वकिली करतोय, पण असं कुणी भांडलं नव्हतं. शेवटी तोड अशी निघाली की कागदाचं नाव बक्षीसपत्रच राहील, पण आत एक वाक्य घालायचं. ते वाक्य बहिणीनं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. "सदर जागा मूळची आमच्या वडिलांची असून तिचा निम्मा भाग पहिल्यापासून माझ्या बहिणीचाच आहे, तो मी आजवर माझ्याकडे ठेवला होता." वकील म्हणाले, या वाक्याची कायद्याला काही गरज नाही. मी म्हटलं, कायद्याला नसेल.

फ्रँकफर्टला भारताच्या वकिलातीत गेलो, मुलगा आणि मी, ट्रेननं. त्यानं रजा काढली होती. तिकडच्या खिडकीवरच्या मुलीनं मराठी कागद उलटसुलट बघितला, मला समजलंय का विचारलं, माझी सही घेतली, शिक्का मारला. परत येताना ट्रेनमध्ये मुलगा म्हणाला, "आई, मावशीच्या हातची शेंगदाण्याची चटणी आठवते? म्युनिकला येताना तिनं डबाभर दिली होती. सहा महिने पुरवली मी." मी खिडकीबाहेर बघितलं. तिला तेव्हाही माहीत होतं. ब्लॉक विकून पोरगा निघालाय हे माहीत होतं, आणि तिनं शेंगदाणे भाजले होते.

कागद पोचले. गावाकडची नोंद व्हायला वेळ लागणार होता, पण मी म्हटलं, तू कशाला थांबतेस, किल्ली खालच्या काकूंकडं आहे. ती म्हणाली, बघू. आणि मग आठवडाभर तिचा फोन नाही, माझाही नाही. माझं मन अजून सरळ झालेलं नव्हतं. मला वाटत होतं, पुढची खोली घेईल का, खिडकीची? माझं कपाट हलवेल का? इतकं सगळं होऊनही मी मनातल्या मनात पलंग कुठं राहील ते ठरवत होते. माणूस सुधारतो म्हणतात, मला तरी एका दमात जमलं नाही.

परत निघायला पंधरा दिवस राहिले होते. दुपारी मी सहज माझ्या घरचा नंबर लावला. बंद घरात फोन वाजतो तसा वाजेल, असं वाटलं. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"हॅलो," बहीण म्हणाली. मागं कसला तरी ठोकण्याचा आवाज येत होता. "थांब हं, दार उघडंय, काकू आल्यात."

तिनं फोन बाजूला ठेवला, बहुतेक टीपॉयवर. मला सगळं ऐकू येत होतं. खालच्या काकू मोठ्यानं बोलतात, त्यांच्या घरात कुणाला कमी ऐकू येतं म्हणून सवय लागलीये. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. ताईंकडं राहायला आलात होय? घर बंद असलं की बरं वाटत नाही."

"ताईकडं नाही हो," बहीण म्हणाली. "माझ्याच घरी आलेय."

काकू म्हणाल्या, "असं होय," आणि दार लागलं.

बहिणीनं फोन उचलला. "हं, बोल गं ताई."

मी विचारलं, "पाणी किती वाजता येतंय सध्या?"

"सकाळी साडेसहाला. भरून ठेवलंय," ती म्हणाली. "तुझ्या पिंपात पण."